पन्नाशी गाठलेला आयर्न मेडन नवीन पोरांपुढे टिकेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडनबद्दल काहीही लिहिलं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, कधी कॉलेजच्या पोरांकडून, कधी त्यांच्या बाबांकडून. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय. एखाद्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिला असेल तर तिकडे जाऊन वाचा, तेच परत लिहिलेलं नाही.

१. आयर्न मेडन म्हणजे नक्की कोण? आम्ही फक्त ते भुताचे टी-शर्ट बघितलेत.

पूर्व लंडनमधल्या लेटन भागातला हेवी मेटल बँड. स्टीव्ह हॅरिस नावाच्या बेसिस्टने १९७५ च्या ख्रिसमसला सुरू केला, आणि बँड आजही त्याच्याच हातात आहे. पहिला अल्बम १९८० चा, तेव्हा गायक होता पॉल डीॲनो. १९८१ मध्ये ब्रूस डिकिन्सन आला, त्याच्या आवाजातला पहिला अल्बम १९८२ ला आला आणि इंग्लंडमध्ये थेट एक नंबरला गेला. तिथून आतापर्यंत एकूण १७ स्टुडिओ अल्बम झालेत, शेवटचा 'सेनजुत्सू', सप्टेंबर २०२१ चा. टी-शर्टवरचं ते भूत म्हणजे एडी, त्याच्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

म्युझिक कसं आहे विचाराल तर दोन गिटारी (आता तीन) एकमेकींच्या सुरात सूर मिसळून वाजतात, खाली हॅरिसचा बेस घोडा दौडल्यासारखा पळतो, आणि वर डिकिन्सनचा चढा आवाज. विषय बहुतेक इतिहास, युद्ध, जुन्या कविता. क्रिमियाच्या लढाईतल्या घोडदळावर गाणं आहे, सिकंदरावर आहे, कोलरिज या इंग्रज कवीच्या कवितेवर तर पावणेचौदा मिनिटांचं आहे. आपल्याकडे पोवाडा ऐकत मोठा झालेल्या माणसाला हे परकं वाटायचं काही कारण नाही, रणांगणाची गोष्ट चढ्या आवाजात आणि लोकांच्या साथीने सांगायची, हेच तर चाललेलं असतं.

२. पॉप्युलर म्हणता, पण मला तर यांचं एकही गाणं रील्सवर ऐकू येत नाही. मग पॉप्युलर कसले?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि प्रश्न बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सप्टेंबर २०२१ चा अमेरिकेतला अल्बम चार्ट घ्या. एक नंबरला ड्रेक, दोन नंबरला कान्ये वेस्ट, आणि तीन नंबरला कोण तर 'सेनजुत्सू', म्हणजे साठी ओलांडलेल्या माणसांचा ऐंशी मिनिटांच्या वर चालणारा डबल अल्बम. अमेरिकेतली मेडनची ही आजपर्यंतची सगळ्यात वरची जागा आहे, ऐंशीच्या दशकातल्या ऐन भरातसुद्धा ते तिथे इतके वर गेले नव्हते. पण खरी गंमत आकड्यांच्या आत आहे. त्या आठवड्यात मेडनच्या खात्यात जवळपास ६४,००० युनिट (विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून धरलेला आकडा) जमा झाले आणि त्यातले ६१,००० च्या आसपास चक्क विकत घेतलेले अल्बम होते, सीडी, व्हिनाइल, डाउनलोड असे. ड्रेकचा आकडा कितीतरी पट मोठा होता पण तो मुख्यतः स्ट्रीमिंगचा.

म्हणजे दोन वेगळ्या प्रकारची लोकप्रियता आहे. एकीत कोट्यवधी लोक गाणं येता जाता ऐकतात, रील्सवर वापरतात आणि दोन महिन्यांनी पुढच्या गाण्याकडे जातात. दुसरीत माणसं त्यामानाने कमी, पण ती पैसे मोजून अल्बम घेतात, तिकीट काढतात, दुसऱ्या देशात विमानाने जाऊन शो बघतात आणि पुढे पोरांनाही नेतात. पहिल्या प्रकारात मेडन नवीन आर्टिस्टपुढे हरलेलाच आहे, त्यात वाद नाही, आणि तिथे जिंकायचा प्रयत्नही त्यांनी कधी केला नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र आजच्या फार थोड्या नवीन लोकांना त्यांच्या जवळ जाता येतं. जून २०२५ मध्ये ते लंडन स्टेडियमवर वाजले, हॅरिसच्या लाडक्या वेस्ट हॅम क्लबच्या घरच्या मैदानावर. रील्सवर न दिसणारा बँड फुटबॉलच्या स्टेडियमवर वाजतो, यावरून काय ते समजा.

३. रेडिओवर वाजत नव्हते, टीव्हीवर फारसे नव्हते, मग मुळात एवढे मोठे झाले कसे?

गावोगाव वाजवून. दुसरं उत्तर नाही.

सुरुवात एका डेमो टेपने झाली. ती लंडनमधल्या एका हेवी मेटल डिस्कोच्या डीजेने, नील के त्याचं नाव, लावायला सुरुवात केली आणि लोक मागायला लागले. १९७९ मध्ये त्याच टेपमधली तीन गाणी रेकॉर्डवर काढून ५,००० प्रती बहुतेक पोस्टाने विकल्या. त्यानंतर ईएमआय कंपनीने साइन केलं. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' मध्ये बोलावलं तेव्हा तिथली पद्धत होती की मागे रेकॉर्ड लावायची आणि पुढे फक्त ओठ हलवायचे. हे म्हणाले आम्ही खरंखुरं वाजवणार, आणि वाजवलं.

मग १९८४-८५ ची 'वर्ल्ड स्लेव्हरी टूर'. जवळपास अकरा महिने, १८० पेक्षा जास्त शो, सुरुवात पोलंडमधून, म्हणजे पोलादी पडद्याच्या आत, कम्युनिस्ट पूर्व युरोपात, जिथे तेव्हा पाश्चात्त्य बँड आपला सगळा स्टेज घेऊन जात नसत. टूरच्या मध्येच जानेवारी १९८५ ला ब्राझीलमध्ये 'रॉक इन रिओ' हा प्रचंड फेस्टिव्हल. आज ब्राझील, चिली, अर्जेंटिनात मेडनचं जे वेड दिसतं त्याची मुळं तिथे आहेत. जिथे कुणी जात नाही तिथे जाऊन पूर्ण ताकदीने वाजवायचं, मग तिथली माणसं पुढची चाळीस वर्षं तुमची. हे धोरण लक्षात ठेवा, प्रश्न ६ मध्ये परत लागेल.

४. नव्वदच्या दशकात तर संपलेच होते ना?

संपले नव्हते, पण दिवस वाईट होते, हे मान्यच करायला पाहिजे. १९९० मध्ये गिटारिस्ट एड्रियन स्मिथ गेला, १९९३ मध्ये डिकिन्सनही गेला. बाहेर निर्वाणा, पर्ल जॅम वगैरे ग्रंजवाल्यांची (साध्या, उदास सुराच्या नव्या अमेरिकन रॉकची) लाट होती, एडी आणि ड्रॅगनवाली मेटल अचानक म्हाताऱ्या लोकांची गोष्ट वाटायला लागली. नवीन गायक ब्लेझ बेली आला, त्याच्याबरोबर १९९५ आणि १९९८ चे दोन अल्बम झाले. इंग्लंडच्या चार्टवर पहिला ८ नंबरपर्यंत गेला आणि दुसरा १६ पर्यंत. अमेरिकेत तर मोठ्या हॉलमधून क्लबमध्ये यावं लागलं.

ब्लेझला लोक फार वाईट बोलतात ते मला पटत नाही. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला आणि जुनी गाणी लिहिलेली डिकिन्सनच्या चढ्या पट्टीसाठी, बँडने पट्टी उतरवली नाही, मग रोज रात्री त्या माणसाने करायचं काय? त्याचा पहिला अल्बम, 'द एक्स फॅक्टर', अंधारात एकदा शांतपणे ऐका, फार प्रामाणिक अल्बम आहे. पण या दहा वर्षांतून एक गोष्ट दिसते: जुन्या बँडला नवीन आर्टिस्टपेक्षा आतली पडझड जास्त मारते. ग्रंज आला म्हणून मेडन खाली आला असं सगळे म्हणतात, माझ्या मते दोन मुख्य माणसं निघून गेली नसती तर एवढा खाली आला नसता.

५. मग परत वर आले कसे? असं सहसा होत नाही.

१९९९ मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघंही परतले. इथे त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. मधल्या काळात स्मिथच्या जागी आलेल्या यानिक गर्सला काढलं नाही, म्हणजे तीन गिटारिस्ट झाले. त्यामुळे रुसवेफुगवे कमी झाले, शिवाय लाईव्ह आवाज एकदम भरीव झाला.

दुसरी गोष्ट, परत आल्यावर ते फक्त जुनी गाणी घेऊन फिरत बसले नाहीत. २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आणला, केविन शर्ली प्रोड्युसर, बरंचसं रेकॉर्डिंग सगळ्यांनी एकत्र वाजवत केलेलं. तेव्हा बाहेर कॉर्न, लिम्प बिझकिटचा जमाना होता, टोपी उलटी घालून रॅप-मेटल करायचे दिवस, कित्येक जुन्या बँडनी तसा आवाज काढायचा प्रयत्न करून हात पोळून घेतले. मेडनने तसलं काहीही केलं नाही. जानेवारी २००१ ला परत रॉक इन रिओ, समोर अडीच लाखांच्या आसपास लोक, आणि सेटलिस्टमध्ये, म्हणजे शोच्या गाण्यांच्या यादीत, नवीन अल्बमची सहा गाणी. त्याचं लाईव्ह रेकॉर्डिंग आहे, नवीन गाण्यांवरसुद्धा लोक कसे गातायत ते ऐका.

६. मुंबईत खरंच आले होते का? की फक्त बंगलोर?

आले होते! १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. आणि नुसते आले नाहीत, 'समव्हेअर बॅक इन टाइम' या त्यांच्या प्रचंड वर्ल्ड टूरचा पहिला शो मुंबईत होता. लंडन नाही, न्यूयॉर्क नाही, मुंबई. त्या टूरवर 'फ्लाइट ६६६' ही डॉक्युमेंटरी आहे (२००९), त्यात मुंबई दिसते. त्याआधी मार्च २००७ मध्ये बंगलोरच्या पॅलेस ग्राउंड्सवर त्यांचा भारतातला पहिला शो झाला, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये परत बंगलोर.

हे इतकं मोठं का वाटतं ते नवीन पोरांना सांगायला हवं. रोलिंग स्टोन्स २००३ मध्ये मुंबईत वाजले होते, पण मेटलवाल्यांच्या वाट्याला त्या काळी फारसं काही येत नव्हतं. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात मुंबईत रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक फेस्टिव्हल व्हायचा, पोरं एकमेकांच्या कॅसेट कॉपी करून ऐकायची, टी-शर्ट फॅशन स्ट्रीटवरून. त्या पिढीला मेडन प्रत्यक्ष दिसेल ही कल्पनाच नव्हती. आणि मग जगातला एवढा मोठा बँड सगळ्यात आधी आपल्याकडे येतो. नाशिक, पुणे, कोल्हापूरकडून रात्रीच्या गाड्या पकडून आलेली पोरं आज चाळिशीत आहेत आणि अजून त्या शोबद्दल बोलतात. प्रश्न ३ मध्ये म्हटलं ते धोरण हेच.

७. स्वतःचं विमान घेऊन फिरणं ही नुसती शोबाजी नाही का?

नाही, त्यामागे पक्का हिशोब आहे. डिकिन्सन गायक आहे तसा लायसन्सधारी कमर्शियल पायलटही आहे, ॲस्ट्रेअस नावाच्या एअरलाइनमध्ये नोकरी करायचा. २००८ ला त्या कंपनीचं बोइंग ७५७ घेतलं, मागच्या सीट काढून तिथे सुमारे १२ टन सामान भरलं, पुढे बँड आणि क्रू बसला आणि विमान स्वतः गायकाने चालवलं. नाव ठेवलं 'एड फोर्स वन'.

एरवी मुंबई, पर्थ, मग जपान, मग दक्षिण अमेरिका असं सलग करणं परवडतच नाही, कारण सामान वेगळ्या मार्गाने जातं, त्याला वेळ लागतो, आणि तेवढे दिवस पन्नास-साठ माणसांचा हॉटेल खर्च चालू. एकाच विमानात माणसं आणि सामान घातल्यामुळे पहिल्या टप्प्यात ४५ दिवसांत जवळपास ५०,००० मैल फिरून ते मोकळे झाले. विमान नसतं तर मुंबई यादीत आली असती का, मला शंका आहे.

२०१६ ला तर जम्बो जेट, बोइंग ७४७ घेतलं. ते चिलीत सँतियागो विमानतळावर ओढून नेताना टग गाडीला धडकलं, दोन इंजिनांचं नुकसान झालं, तिथले दोन कर्मचारी जखमी झाले. टूर मात्र थांबली नाही.

८. एडी नसता तर हे एवढे टिकले असते का?

टिकले असते, पण एवढे पसरले नसते. डेरेक रिग्ज या चित्रकाराने काढलेला एडी पहिल्या अल्बमपासून प्रत्येक कव्हरवर आहे, आणि दर वेळी नवीन रूपात: कधी इजिप्तचा फॅरो, कधी सैनिक, कधी भविष्यातला सायबॉर्ग, 'सेनजुत्सू' वर सामुराई.

याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. बाकीच्या बँडचा चेहरा म्हणजे गायकाचा चेहरा, तो म्हातारा होतो आणि मग पोस्टरवर जुने फोटो टाकायची वेळ येते. मेडनचा चेहरा एडी आहे आणि त्याला वय नाही. बारा वर्षांच्या पोराला हॅरिस कोण ते माहीत नसतं पण एडी आवडतो, तिथून तो आत शिरतो. गेम, कॉमिक, बिअर (२०१३ पासून रॉबिन्सन्स ब्रुअरीची 'ट्रूपर'), सगळीकडे एडी. जानेवारी २०२३ ला ब्रिटनच्या पोस्टखात्याने मेडनवर तिकिटं काढली त्यातही एडी आहे.

९. नवीन अल्बम कोण ऐकतं हो? जुनी वीस गाणी वाजवली तरी लोक खूश आहेत.

इथे माझं मत ठाम आहे. जुनी वीस गाणी वाजवत राहिलेला बँड हळूहळू स्वतःचाच ऑर्केस्ट्रा होतो. लोक येतात, गातात, घरी जातात, पण पोटतिडकीने भांडत नाहीत. मेडनच्या फॅन्समध्ये आजही भांडणं होतात, 'सेनजुत्सू' ची गाणी लांबलेली आहेत का, २००६ चा अल्बम २००० च्या अल्बमपेक्षा चांगला का. भांडण चालू आहे म्हणजे बँड जिवंत आहे.

२००६ ला तर त्यांनी हद्द केली. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' नावाचा अल्बम आला, त्या टूरवर अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, एक तासाहून जास्त नवीन गाणी आणि मग जुनी थोडीशी. कित्येक लोक चिडले, पैसे देऊन आलोय, हिट गाणी कुठेत म्हणाले. पण तो अमेरिकेत पहिल्या दहात गेलेला त्यांचा पहिला अल्बम ठरला. २०१० च्या अल्बममधल्या गाण्याला ग्रॅमी मिळालं, २०१५ चा डबल अल्बम इंग्लंडमध्ये एक नंबरला गेला, त्याच्या शेवटी अठरा मिनिटांचं गाणं आहे, डिकिन्सनने पियानोवर लिहिलेलं. २००० नंतर लागलेल्या फॅनला ही गाणीच 'आपली' वाटतात. ऐंशीची गाणी त्याच्या बाबांची.

१०. एवढं नवीन नवीन म्हणता, मग २०२५ ची टूर फक्त जुन्या गाण्यांचीच का होती?

ही विसंगती खरी आहे. 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' टूर २७ मे २०२५ ला बुडापेस्टला सुरू झाली, पन्नास वर्षांच्या निमित्ताने, आणि गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे १९८० ते १९९२.

मेडन बऱ्याच वर्षांपासून पाळीपाळीने चालतो: एक टूर नवीन अल्बमची, पुढची जुन्या काळाची. २००८ ची मुंबईची टूरसुद्धा जुन्या गाण्यांचीच होती. जुन्याची टूर मोठी मैदानं भरते, तिच्या जोरावर नवीन अल्बम निवांतपणे करता येतो. मला वैयक्तिक विचाराल तर पन्नाशीच्या टूरमध्ये २००० नंतरचं एकही गाणं नसावं हे खटकलं, कारण त्या पंचवीस वर्षांनीच तर पन्नाशी दाखवली.

जुन्यातही नवीन देता येतं, त्याचं उदाहरण आधीच्या २०२३ च्या टूरमध्ये आहे. सिकंदरावरचं गाणं १९८६ च्या अल्बममधलं, त्यांनी स्टेजवर कधीच वाजवलं नव्हतं, फॅन्स वर्षानुवर्षं मागत होते. २८ मे २०२३ ला स्लोव्हेनियात, ल्युब्लियानाला पहिल्यांदा वाजवलं. सदतीस वर्षांनी! जगभरच्या फॅन्सना ती बातमी नवीन अल्बमएवढी मोठी होती.

११. डिकिन्सनला कॅन्सर झाला होता ना? आवाज अजून तसाच आहे का?

हो, जिभेच्या मागच्या बाजूला ट्यूमर निघाला, २०१४ च्या शेवटी. किमो आणि रेडिएशन झालं, मे २०१५ ला डॉक्टरांनी ठणठणीत असल्याचं सांगितलं, आणि २०१६ च्या सुरुवातीला माणूस परत स्टेजवर (आणि ७४७ च्या कॉकपिटमध्ये). जन्म १९५८ चा.

आवाज तसाच नाही, असणारही नाही. वरच्या पट्टीत धार कमी झालीये, काही ठिकाणी तो ओळ वळवून घेतो. पण तो अजूनही खरोखर गातो, आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ओठ हलवत नाही, आणि चुकला तर ते ऐकू येतं. मला ते जास्त आवडतं.

१२. ड्रमर निको मॅकब्रेन गेला, आता हा तोच बँड आहे का?

गेला म्हणजे टूरिंगमधून निवृत्त झाला. जानेवारी २०२३ ला त्याला स्ट्रोक आला, उजव्या बाजूवर परिणाम झाला, तरी मे महिन्यात तो टूरवर हजर होता. दीड वर्ष असं वाजवून ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोत शेवटचा शो केला. वय ७२, मेडनमध्ये ४२ वर्षं. त्याच्या जागी सायमन डॉसन आला, तो हॅरिसच्याच दुसऱ्या बँडचा, 'ब्रिटिश लायन' चा ड्रमर.

तोच बँड का? माझ्यापुरतं उत्तर हो. पण निकोचा तो किंचित मागे रेंगाळणारा, झुलणारा ठेका आता नाही, डॉसन जास्त सरळ वाजवतो. काही जुनी गाणी तर मुळात निकोच्याही आधीच्या क्लाइव्ह बरची आहेत, तिथे हा सरळपणा शोभून दिसतो. ज्यांना निको नसलेला मेडन ऐकवत नाही त्यांना मी नावं ठेवणार नाही, चार दशकं एकच हात ऐकलाय त्यांनी. पूर्ण बँडचं काय, ते प्रश्न १६ मध्ये.

१३. घोस्ट, स्लीप टोकन हे नवीन मेटल बँड आता पुढे गेलेच की. मेडन कुठे राहिला?

चार्टवर पुढे गेलेत, शंभर टक्के. २०२५ च्या मे महिन्यात आधी घोस्ट आणि मग स्लीप टोकन, दोघांचेही अल्बम अमेरिकेत एक नंबरला गेले, जे मेडनला तिथे कधीच जमलं नाही. स्लीप टोकनने त्याच वर्षी इंग्लंडच्या डाउनलोड या रॉक-मेटल फेस्टिव्हलला हेडलाइन केलं. मला याचा आनंदच आहे. मेटलमध्ये नवीन मोठी नावं आली नाहीत तर मेडननंतर स्टेडियम भरणार कोण?

पण हे नुसतं 'विरुद्ध' असं नाहीये. घोस्ट २०१७ ला अमेरिकेत मेडनच्याच आधी वाजत होता, रोज रात्री मेडनच्या पब्लिकसमोर. मास्क, पात्रं, प्रत्येक अल्बमला नवीन अवतार, ही कल्पना कुठल्या घराण्यातली ते सांगायला नको. मेडन ओपनिंगला गोजिरा, मॅस्टोडॉन असे दमदार बँड घेत आलाय, त्यांच्यासाठी आलेली तरुण पोरं मग मेडनही बघतात. दोघांचाही फायदा.

१४. शोमध्ये फोन वापरू नका म्हणतात, म्हणजे तरुण पब्लिकच तोडतायत ना?

बंदी नव्हती, विनंती होती. २०२५ च्या टूरआधी मॅनेजर रॉड स्मॉलवूड, जो १९७९ पासून बँडबरोबर आहे, त्याने सांगितलं की शो डोळ्यांनी बघा, सतत फोन वर धरू नका. रील्समधून फुकट मिळणारी जाहिरात त्याने कमी होते, हे खरंय. पण मेडनच्या शोचा अर्धा जीव पब्लिकच्या गाण्यात असतो, गिटारची धूनसुद्धा हजारो लोक गळ्यातून काढतात, आणि हातात फोन असला की माणूस गात नाही. विनंती मला मान्य आहे.

१५. मेडनला जमलं म्हणजे सगळ्या जुन्या बँडना जमेल का?

नाही. आपण टिकलेल्यांकडे बघून नियम काढतो, न टिकलेले डोळ्यांसमोर नसतात. मोटरहेड हा बँड त्याचा गायक लेमी गेला त्याबरोबर २०१५ च्या डिसेंबरात संपला. स्लेयरने २०१८-१९ मध्ये निरोपाची टूर केली. किसने डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये शेवटचा शो करून पुढे डिजिटल अवतार येतील असं जाहीर केलं. ब्लॅक सॅबथने ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये, आपल्या गावात, शेवट केला, त्यांचा गायक ऑझी सिंहासनावर बसून गायला आणि सतरा दिवसांनी गेला.

उलटी उदाहरणंही आहेत. गन्स अँड रोझेसने १९९३ नंतर नवीन गाण्यांचा एकच अल्बम काढलाय, तोही २००८ ला, तरी मे २०२५ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला येऊन पब्लिक जमवलं. म्हणजे नवीन अल्बमशिवायही पब्लिक येतं, प्रश्न ९ मधलं माझं म्हणणं तिथे लागू पडत नाही, हे मान्य. फक्त त्यांच्या शोला लोक काय ऐकायला जातात ते बघा, १९८७ ते १९९१ ची गाणी. मेडनच्या शोला २०२१ चं गाणं ऐकायला गेलेली माणसं मला माहीत आहेत.

१६. आणि हॅरिसच थांबला तर? दुसरा बेसिस्ट घेऊन मेडन चालेल का?

गायक बदलले, ड्रमर बदलले, गिटारिस्ट आले गेले, पण सगळ्या १७ अल्बमवर दोनच माणसं आहेत, हॅरिस आणि गिटारिस्ट डेव्ह मरे. त्यातही बहुतेक गाणी लिहिणारा, सेटलिस्ट ठरवणारा हॅरिस. ठरवलं तर कायद्याने नाव चालवता येईल, एडीही असेल, तिकिटंही खपतील कदाचित. पण बोटांनीच वाजवलेला, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) न वापरता काढलेला तो खडखडीत बेस आणि एक पाय स्टेजवरच्या स्पीकरवर (मॉनिटरवर) ठेवून, बेस बंदुकीसारखा पब्लिककडे रोखून प्रत्येक शब्द तोंडाने म्हणणारा माणूस नसेल तर मी तरी त्याला मेडन म्हणणार नाही. मार्च १९५६ चा जन्म आहे त्याचा. भारतात ते २००९ नंतर २०२५ पर्यंत तरी परत आलेले नाहीत, त्यामुळे ज्यांना बघायचंय त्यांनी मुंबईची वाट बघत बसू नका, पासपोर्ट काढून ठेवा.